प्रश्नचिन्हाची बातमी

वेणूबाईचा नियम सगळ्या कोळीवाड्याला पाठ होता. फोनवर आलेलं खरं मानायचं नाही, टीव्हीवर आलेलं मानायचं. फोनवर कोणीही उठतो आणि काहीही बरळतो, टीव्हीवर बोलायला माणूस शिकलेला लागतो, असं तिचं म्हणणं. वादळाचा इशारा, मासेमारीची बंदी, सगळं तिनं आयुष्यभर टीव्हीवरूनच घेतलं होतं आणि तिची कधी फसगत झाली नव्हती.

मग कमलेशनं तिच्या घरात नेटचा बॉक्स बसवला. हा कमलेश पूर्वी पार आगरदांड्यापर्यंत केबलच्या वायरी ओढायचा. घरोघरी डिश लागल्या आणि त्याचा धंदा बसला. आता तो लोकांच्या टीव्हीला इंटरनेट जोडून द्यायचा आणि उरल्या वेळात फोनवर व्हिडिओ बनवून ‘खाडी एक्स्प्रेस लाइव्ह’ नावाचं स्वतःचं चॅनल चालवायचा. “काकी, आता एकाच रिमोटवर सगळं,” असं तो म्हणाला होता. सगळं म्हणजे नक्की काय, ते वेणूबाईनं विचारलं नाही. पडद्यावर चौकोन दिसायचे, बटण दाबलं की माणसं बोलायची. त्यातला कुठला चौकोन मुंबईच्या स्टुडिओतला आणि कुठला कमलेशच्या पडवीतला, हे तिला कोण सांगणार?

वारं फिरलं त्या आठवड्यात तिचा मुलगा विनेश खलाशी म्हणून गुणाजी नाखव्याच्या बोटीवर गेला होता; नाखवा स्वतः या खेपेला घरीच राहिला होता. बाकीच्या बोटी आल्या, ती आली नाही. बोट बुडाल्याचं बायकांच्या फोनवर फिरायला लागलं तेव्हा वेणूबाईनं त्यांना ओट्यावरून हाकललं आणि सुनेला, तेजस्वीला म्हणाली, “तेजू, फोनवरचं हाय त्ये. तू दोन घास खाऊन घे.”

दुपारी हवामान बघायला तिनं टीव्ही लावला. पहिल्याच चौकोनात विनेश होता. लग्नातला फोटो, फक्त त्याच्यापुरता कापलेला, कडेला तेजस्वीच्या मुंडावळ्यांची झालर राहून गेली होती. फोटोला हार घातलेला. बटण दाबल्यावर आधी केसांच्या तेलाची जाहिरात झाली. मग खाली लाल पट्टी, ढमढम वाजणारं संगीत आणि एका बाईचा गोड, शिकलेला आवाज: बोट बुडाली, खलाशांचे मृतदेह हाती. कुठल्याशा किनाऱ्यावर कापडाखाली झाकलेली माणसंही दाखवली.

वेणूबाईनं हंबरडा फोडला. वाडा गोळा झाला.

दर्यात गेलेल्या माणसाचं प्रेत किनाऱ्याला लागत नाही तोवर त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, ही त्यांच्या वाड्याची रीत. दर्या माणूस परत देतो, हे तिथं सगळ्यांनी पाहिलेलं. म्हातारी बायजा तेच सांगत होती, “वेणू, दम धर. आपल्या डोल्यांनी बघू दे.”

“आता आनखी काय बघायचं हाय? टीव्हीवर दावलं ना!” वेणूबाई ओरडली.

“आई, थांबा. त्याचा फोन येल. माझं ऐका,” तेजस्वी हात मागं घेत होती. वेणूबाईनंच तो हात धरला आणि जात्याच्या पाळीवर ठेवला. हिरव्या काचा अंगणभर झाल्या. मनगटावर एक चीर गेली, तिच्याकडं कोणी बघितलं नाही.

संध्याकाळी विनेशचा फोन आला. इंजिन बंद पडलं होतं, एका ट्रॉलरनं ओढून जयगडला नेलं, सगळे सुखरूप होते. उद्या गाडीनं दिघीला येऊन फेरीबोटीनं आगरदांड्याला उतरतो म्हणाला.

देवापुढं साखर ठेवून होईस्तोवर गुणाजी नाखवा टीव्हीपुढं उभा राहिला. व्हिडिओ अजून चालूच होता. “कोपऱ्यात नाव काय लिवलंय? खाडी एक्स्प्रेस. ह्यो आपला कमलेश हाय वैनी!”

वेणूबाई तशीच त्याच्या दारात गेली. कमलेश जेवत होता. हातातला घास खाली ठेवण्याइतकीही त्याला लाज वाटली नाही.

“मी कुठं म्हटलं बुडाली? ‘बोट बुडाली?’ असं विचारलंय. नीट बघा, प्रश्नचिन्ह हाय.”

“आनि ती प्रेतं?”

“ती जुनी क्लिप काकी, दुसरीकडची. आवाज मशीनचा. फोनवर कोन बघत बसत न्हाय हो, मोठ्या पडद्यावर लोक पूर्ण बघतात.” त्यानं माशाचा काटा चोखून ताटाच्या कडेला ठेवला. “उद्या जेटीवर येतो. विनेशची एन्ट्री मस्त होईल.”

वेणूबाईला शिसारी आली. त्याच्या बोटांची, त्या गोड आवाजाची, मेल्या माणसाआधी दाखवलेल्या तेलाच्या जाहिरातीची. सडलेल्या बोंबलांचा ढीग उपसतानाही तिनं कधी नाकाला पदर लावला नव्हता, आज लावला. त्याच्या उंबऱ्यावर थुंकून ती परतली. वाटेत घराघरांतून तेच संगीत ऐकू येत होतं. विनेश जिवंत आहे हे कळल्यावरही लोक तो व्हिडिओ परत परत लावून बघत होते आणि वर चुकचुकत होते. तिला त्यांचीही किळस आली.

सकाळी तिनं कासाराकडून नव्या बांगड्या आणल्या. तेजस्वीनं हात पुढं केला नाही.

“त्याला बघू दे आधी,” एवढंच ती म्हणाली.

आगरदांड्याच्या जेटीवर अर्धा वाडा लोटला होता. कमलेश फोन वर धरून सगळ्यांच्या पुढं उभा. फेरीबोटीचं फळकूट खाली आलं, विनेश उतरला, हसत बायकोकडं आला आणि थबकला. तिची उघडी मनगटं, त्यावरची चीर.

“ह्ये कोनी केलं?”

तेजस्वीनं मनगट पदराखाली घेतलं. कमलेशचं नाव वेणूबाईच्या ओठावर आलं होतं. तो समोरच होता, बोट दाखवलं असतं तर लोकांनी त्याला खाडीत बुडवला असता. पण कमलेशनं तो हात धरला नव्हता. बायजानं धरला नव्हता. तिला स्वतःच्याच हाताची किळस आली.

“मी,” ती म्हणाली.

विनेश आईकडं बघत राहिला. तेवढ्यात कमलेश फोन घेऊन पुढं सरकला.

“काकी, परत एकदा बोला. जरा मोठ्यानं. आवाज आला न्हाय.”