घामबाबा आणि ताईचा ताप

पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कंबर धरून कण्हणारी माणसं घोंगड्या पांघरून बसली होती. उजाडता उजाडता त्यांना दरदरून घाम फुटला, अंगं गार पडली आणि एकच गजर झाला, "घामबाबांचा विजय असो!"

घामबाबा दुधाची चरवी घेऊन उठले. "ताप म्हणजे आगाऊ पाहुणा! मी डोळे वटारले की चालता होतो. घ्या, धारोष्ण घ्या. उकळलंत की दुधातला देव मरतो!"

दूध होतं नुकत्याच गाभडलेल्या, दिवस भरायच्या आधीच पिल्लू पडलेल्या शेळीचं. मी गुरांचा डॉक्टर, माझं डोकंच सणकलं. कारण पेला धरून रांगेत, रात्रभर तापाने फणफणलेली माझी ताई उभी होती. लग्नानंतर कित्येक वर्षांनी तिला दिवस गेले होते. शेड तिचं, शेळीही तिचीच. मेलेलं पिल्लू तिनेच नुसत्या हातांनी ओढून काढलं होतं. पिल्लामागची वार आत अडकली की सरळ हात घालायचा, ही तिच्या सासरची रीत.

"ताई, हा ब्रुसेलोसिस आहे," मी म्हणालो. "शेळीचे जंतू हातावरच्या चिरांतून, कच्च्या दुधातून तुझ्या अंगात गेलेत. हा ताप संध्याकाळी चढतो, पहाटे घाम येऊन उतरतो. मध्येच काही दिवस गायब होतो आणि पुन्हा उलटतो. बाबा नुसती वेळ साधून बसतात."

"आपला आपण उतरतो? मग एवढी माणसं काय खुळी आहेत?"

त्या संध्याकाळी शेडमध्ये जागा नाही म्हणून परत निघालेल्या तापकऱ्यांना मी माझ्या दवाखान्याच्या ओसरीत झोपवलं. बाबा नाहीत, दूध नाही. पहाटे बहुतेकांना घाम फुटला, ताप उतरला. मी थर्मामीटर नाचवत शेडमध्ये शिरलो. "बघा! बाबांशिवाय उतरला!"

बाबांचा चेहरा पडला. मग दाजींनी, माझ्या ताईच्या नवऱ्याने, हात जोडले. "म्हणजे बाबांची ताकद पार दवाखान्यापर्यंत पोचते!"

पुन्हा गजर झाला. दुसऱ्या दिवशी गर्दी वाढली.

माझ्या हट्टापायी ताईने रक्त तपासून घेतलं. तेच निघालं. डॉक्टरीणबाईंनी गरोदरपणात चालतील अशा गोळ्या दिल्या आणि बजावलं, "बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत." ताप उतरताच दाजींनी त्या बंद केल्या. "बरी झालीय ना? मग बाळाच्या पोटात कशाला ती औषधं?" ताईने पुन्हा पेला तोंडाला लावला.

पाचव्या महिन्यात मूल गेलं.

मी गेलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "बाबा म्हणाले, बाळाने माझा ताप स्वतःवर घेतला," ती पुटपुटली. "किती गुणाचं होतं रे!"

तिच्याजवळ तेवढाच आधार उरला होता, तो मी कोणत्या तोंडाने काढून घेऊ?

पण तुम्हाला सांगतो. त्या बाळाने काहीही अंगावर घेतलं नव्हतं; ते त्याच जंतूंमुळे गेलं. दूध उकळल्यावर मरतात ते जंतू. म्हणून दूध उकळाच. गाभडलेलं पिल्लू, वार यांना नुसत्या हातांनी शिवू नका. गोळ्या डॉक्टर सांगतील तोवर घ्या. आणि कुणी ताप उतरवल्याची फुशारकी मारली, तर तो त्याच्याविना उतरला नसता का, एवढं तरी विचारा.

काल ताईला पुन्हा ताप भरला. दाजी तिला हाताला धरून शेडमध्ये घेऊन गेले.