लिफ्टवाल्याची तीन मिनिटं आणि मी

मित्रांनो, शाळेच्या सभागृहात मंचाच्या डाव्या बाजूला, मान थोडी कललेल्या स्टँडवर एक जुना माइक दिसतो ना, तो मी. माझी जाळी एका अंगानं चेपलेली आहे. वायरीला तीन ठिकाणी काळी पट्टी गुंडाळलेली आहे. या म्हाताऱ्याला काय सांगायचं असणार, असं तुम्हाला वाटेल. पण मला सांगायचं आहे, आणि जरा रागानंच सांगायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. केसापेक्षा बारीक तारेचं वेटोळं, एक लोहचुंबक आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा, एवढाच माझा जीव. तिथल्या बायका भिंगातून बघत ती तार जोडायच्या. एकीनं मला शेवटचं तपासलं, माझ्यात हळूच फुंकर मारली आणि म्हणाली, "छान ऐकतोय." ती माझी पहिली शाबासकी.

या शाळेत आलो तेव्हा मुख्याध्यापिका बाई होत्या. त्या मला स्वतःच्या रुमालानं पुसायच्या. पहिलीतलं पोर कविता म्हणायला आलं, की स्टँड खाली करून मला त्याच्या तोंडाशी आणायच्या. पोर मध्येच विसरलं, तर सगळं सभागृह थांबायचं आणि बाईही थांबायच्या. "आठवेल. घाई नाही," असं म्हणायच्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती चांगली वर्षं. बाई निवृत्त झाल्या. मग मला कोणी पुसलं नाही. कोणीतरी मला पाडलं आणि जाळी चेपली, तेव्हा उचलणाऱ्यानं मला उलटसुलट बघितलं, "चालतोय की," म्हटलं आणि परत स्टँडवर खोचलं.

शाळा समितीच्या बैठकाही याच सभागृहात होत. मी कोपऱ्यात असायचो. लोकांचा समज असा, की बटण बंद केलं की माइक बहिरा होतो. तसं नसतं. आवाज आला की माझा पडदा हलतोच. त्यामुळे मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप लावायचं कसं ठरलं, ते मी अथपासून इतिपर्यंत ऐकलं आहे.

टेबलाभोवती सात पुरुष होते. एक नळ तुटला होता आणि भिंतीवर कोणीतरी काहीतरी लिहिलं होतं. त्यावर पालकांचे प्रतिनिधी म्हणाले, "कुलूप घाला. किल्ली ऑफिसात ठेवा. जिला जायचं असेल तिनं वहीत नाव, वर्ग आणि वेळ लिहून किल्ली न्यावी. आपोआप शिस्त लागेल." या गृहस्थांची लाकडाची वखार होती, म्हणून सगळे त्यांना वखारवाले म्हणत. नऊ वर्षं ते बिनविरोध निवडून येत होते. अध्यक्षांनी मान हलवली आणि लगेच चहा आला. तीनशे चाळीस मुलींच्या देहधर्माचा निकाल त्या लोकांनी चहा गाळून होईपर्यंत लावून टाकला! मुलांच्या बाजूला दारच नव्हतं, त्यामुळे तिथे कुलपाचा प्रश्नच आला नाही.

बैठकीनंतर खुर्च्या लावताना शाळेच्या शिपाई मावशी पुटपुटल्या, "नळ गंजून पडला. मीच सांगितलं होतं दोनदा. आणि शिक्षा पोरींना!" पण मावशींना विचारतो कोण?

त्यानंतर वर्ष गेलं. त्या वर्षी समितीच्या निवडणुकीत पालकांच्या जागेसाठी वखारवाल्यांसमोर पहिल्यांदाच एक अर्ज आला. अर्ज करणारा लिफ्ट दुरुस्त करणारा होता. त्याची मुलगी सातवीत होती.

निवडणुकीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तो मुलीला घेऊन सभागृहात आला. मावशींनी दार उघडून दिलं. "अर्धाच तास हं," त्या म्हणाल्या.

तो माझ्यासमोर उभा राहिला. बोलायला तोंड उघडलं आणि थांबला. जबडा आवळला, मानेची शीर ताठ झाली, पण शब्द येईना. मित्रांनो, तो अडखळत बोलायचा. विशेषतः 'क' त्याच्या घशात रुतायचा. आणि नेमका त्याचा सगळा विषय 'क'चाच होता.

"कु... कु... कु..."

"बाबा, 'टाळं' म्हण ना," शेवटच्या रांगेतून मुलगी म्हणाली. "टाळं सोपं जाईल."

"ते कु... कुलूप आहे. त्यांनी कुलूप लावलंय. मी क... कशाला पळवाट काढू?"

मुलगी हसली. पण मला तिच्या आवाजातला कोरडेपणा ऐकू येत होता. शाळेत पाणी प्यायचं नाही, असं तिनं स्वतःला शिकवलं होतं. कारण पाणी प्यायलं की किल्ली मागायला जावं लागणार. ऑफिसात कारकून बसायचा. फीसाठी रांगेत उभे असलेले लोक असायचे. त्या सगळ्यांदेखत "किल्ली द्या" म्हणायचं आणि वहीत वेळ लिहायची. वेळ जास्त लागला तर कारकून घड्याळ बघायचा. त्यापेक्षा तहान परवडली. असं करता करता एक दिवस थंडी वाजून ताप आला, पाठीत कळा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय. आठ दिवस ती रुग्णालयात होती. त्याआधी बापानं समितीला तीन अर्ज दिले होते. तिन्हींवर एकच उत्तर आलं होतं, 'विचार करू.'

मावशी दारातून ऐकत होत्या. "तुमच्या मंडळींना का नाही हो उभं केलंत? त्या कशा घडाघडा बोलतात," त्यांनी विचारलं.

"तिचं नाव यादीत नाही," तो म्हणाला. "एका घराला एक मत. आणि नाव व... वडिलांचं."

तेवढ्यात मी खरखरलो. त्यानं मला हातात घेतलं, कानाशी हलवलं, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून मला उघडलं. आत एक तार सुटत आली होती. त्यानं पिशवीतलं सामान काढून तिला कथलाचा डाग देऊन जोडलं, फुंकर मारली आणि जाळीवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली. बाई गेल्यानंतर मला पुसणारा तो पहिलाच माणूस.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी दहाला सभागृह भरलं. पुढच्या रांगांत पुरुष होते, मागे बायका आणि सगळ्यात मागे काही आज्या. अध्यक्षांनी मला जवळ ओढलं. "प्रत्येक उमेदवाराला तीन मिनिटं," ते म्हणाले.

आधी वखारवाले उठले. ते शिस्तीवर बोलले, संस्कारांवर बोलले, आपल्या नऊ वर्षांवर बोलले. अकरा मिनिटं बोलले. अध्यक्षांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

मग लिफ्टवाला उठला, तशी अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"न... नमस्कार. मी इथं क... क..."

सभागृहात चुळबुळ झाली. त्यानं श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडला. अध्यक्ष माझ्याकडे झुकले आणि मिस्कील आवाजात म्हणाले, "लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली वाटतं!"

हशा पिकला. मित्रांनो, तो विनोद शेवटच्या रांगेपर्यंत कोणी पोचवला? मीच! माझं कामच ते. पण त्या क्षणी माझी लाज वाटली मला. मुलगी आईशेजारी बसली होती. तिनं मान खाली घातली.

तो हसू थांबेपर्यंत थांबला. मग अध्यक्षांकडे वळून म्हणाला, "साहेब, अडकलेल्या लिफ्टमध्ये माणसं असतात. ती ब... बाहेर निघेपर्यंत मी जागा सोडत नाही."

हसू जागच्या जागी विरलं. तो पुढे बोलू लागला. "माझी मुलगी वर्षभर शाळेत पाणी प्यायली नाही. कारण कु... कु..."

"वेळ संपला," अध्यक्षांनी घड्याळावर बोट आपटलं. "मावशी, माइक बंद."

मावशी बटणापाशी उभ्या होत्या. त्यांचा हात पुढे झाला, थबकला. "मावशी!" अध्यक्ष पुन्हा म्हणाले. या वेळी आवाजाला धार होती. मावशींना नोकरी होती, घर होतं. त्यांनी बटण दाबलं.

तुम्हाला सांगतो, मी आजवर पडलो, चेपलो, गंजलो, पण एवढा अपमान कधी झाला नव्हता. अकरा मिनिटं पोकळ बोलणाऱ्याला माझा आवाज, आणि ज्याला खरंच काही सांगायचं होतं त्याच्या तोंडावर बटण! तेही शब्द घशात रुतलेला असताना! कसला हा न्याय?

पण तो खाली उतरला नाही. माझ्या बाजूला सरकून, आवाज चढवून, तसाच अडखळत बोलत राहिला. मागून एका आजींचा खणखणीत आवाज आला.

"ऐकू येत नाही! अरे, त्याला जरा बोलू द्या. आणि आपण पुढे सरकू या. उचला गं खुर्च्या."

फरशीवर एक खुर्ची करकरली. मग दुसरी. मग एकदम वीस-पंचवीस. बायका खुर्च्या ओढत मंचापाशी आल्या, पुढच्या पुरुषांच्या गुडघ्याला गुडघे लावून बसल्या. अध्यक्ष "शांतता, शांतता" म्हणत होते, पण त्यांचाही माइक बंदच होता.

लिफ्टवाल्याला एकूण चौदा मिनिटं लागली. 'कुलूप' हा शब्द त्यानं सहा वेळा उच्चारला, सहाही वेळा अडखळला, एकदाही टाळला नाही. वहीबद्दल बोलला, कारकुनाच्या घड्याळाबद्दल बोलला, रुग्णालयातल्या आठ दिवसांबद्दल बोलला. शेवटी म्हणाला, "मला निवडा न निवडा. पण ते दार उघडा." आणि बसला.

मतदानाआधी चहाची सुट्टी झाली. सकाळी दहाला आलेल्या बायका होत्या, साडेअकरा वाजून गेले होते. साहजिकच पाच-सहा जणी सभागृहाबाहेर गेल्या. दार उघडं होतं, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं. स्वच्छतागृहाला कुलूप होतं! सभेच्या दिवशीसुद्धा! कोणाला ते काढायचं सुचलंच नव्हतं.

मघाच्या आजी ऑफिसच्या दाराशी गेल्या. कारकुनानं सवयीनं वही पुढे केली.

"नाव, वर्ग आणि वेळ लिहा."

"वर्ग?" आजी म्हणाल्या. "माझं वय बाहत्तर. वर्गात मी कधी बसलेच नाही. काय लिहू रे बाबा?"

"नियम आहे, आजी."

"नियम! अरे, माझ्या नातीला तू रोज हे विचारतोस? या एवढ्या माणसांसमोर?"

मग आजींच्या मुलाचा दबका आवाज आला, "आई, हळू बोल ना, लोक बघतायत."

"बघू देत. तू तुझी चिठ्ठी आण इकडे."

"कसली चिठ्ठी?"

"मताची. घराला एक आहे ना? ती मी टाकते."

मुलानं निमूट चिठ्ठी दिली. मग दुसऱ्या बाईनं नवऱ्यापुढे हात केला. मग तिसरीनं. काहींनी सहज दिल्या, काहींनी कुरकुर केली. एक गृहस्थ "मत गुप्त असतं" म्हणाले. त्यांच्या बायकोनं विचारलं, "माझ्यापासून?" आणि चिठ्ठी घेतली.

मोजणी झाली. वखारवाल्यांना शहाण्णव, लिफ्टवाल्याला एकशे सत्तावीस. अध्यक्षांनी आकडे तोंडातल्या तोंडात पुटपुटले. मावशींनी न सांगता माझं बटण चालू केलं आणि मला त्यांच्या हनुवटीपाशी सरकवलं. अध्यक्षांना आकडे पुन्हा वाचावे लागले.

दुसऱ्याच दिवशी कुलूप निघालं, असं तुम्हाला वाटलं असेल. छे! पहिल्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही. दुसऱ्या बैठकीत म्हणाले, उपसमिती नेमू. लिफ्टवाला दर वेळी उठायचा, अडखळायचा, पण वाक्य पुरं केल्याशिवाय बसायचा नाही. तिसऱ्या बैठकीला मागच्या भिंतीशी सोळा बायका येऊन उभ्या राहिल्या. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या दिवशी ठराव झाला. किल्ली मावशींकडे आली आणि त्यांनी कुलूप कचऱ्याच्या डब्यात टाकल्याचा आवाज मी सभागृहातून ऐकला.

तरी माझा राग गेलेला नाही. एक दार, जे कधी बंदच व्हायला नको होतं, ते उघडायला एका पोरीला आजारी पडावं लागलं, एका बापाला निवडणूक लढवावी लागली आणि दीड वर्ष जावं लागलं! त्या मुलीची तहान मारायची सवय तर अजून पुरती सुटलेली नाही. मधल्या सुट्टीत तिच्या मैत्रिणी तिच्यापुढे बाटली धरून "पी आधी" म्हणतात, तेव्हा ती दोन घोट पिते. तिचं ते वर्ष कोण परत देणार?

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. बिनवायरचे नवे माइक येणार आहेत, अशी बोलणी चालू आहेत. येऊ देत. त्यांनाही रुमालानं पुसा, पाडू नका, वायर नसली तरी जपा. पण माझं मागणं वेगळं आहे. उद्या तुमच्यापैकी कोणीतरी अध्यक्षाच्या खुर्चीत बसेल. तुमच्यासमोर एखादा माणूस उभा राहील आणि त्याचा शब्द अडेल. तेव्हा घड्याळाकडे पाहू नका. कोणाला बटणाकडे खूण करू नका. त्याच्या तोंडाकडे पाहा, आणि ऐकू येत नसेल तर आपली खुर्ची उचलून पुढे जा.