पाचव्या अडथळ्याचा फासा

घोडी मनातली होती, पण ताईच्या तळहातांना सुटलेला घाम खरा होता. अर्धा शिवलेला झगा मशीनवर तसाच टाकून ती मोबाइलला डोळे लावून बसली होती. लिहून खेळायच्या त्या ऑनलाइन खेळात घोड्यांच्या उड्यांची स्पर्धा अशीच चालायची: आपल्या घोड्याची एकेक उडी आपणच लिहायची, पंच दर अडथळ्याला फासा टाकणार, आणि एक आला की घोडा कोसळला. ते कोसळणंही मालकानेच लिहायचं, नाहीतर घोडा कायमचा बाद.

"कागदी घोडं पडून कुणाचं हाड मोडतंय?" धाकटा भाऊ हसला. मग तिच्या ताठ गुडघ्याकडे त्याची नजर गेली आणि त्याने जीभ चावली. बारा वर्षांपूर्वी खरी घोडी ताईसकट कोसळली होती. ताई उठली, घोडी नाही.

पाचव्या अडथळ्याला पंचांनी कळवलं: एक.

ताईने शब्दांत घोडीचे पाय दुमडले, मान मातीत टेकवली. पुढे बोट सरेना.

"लिही ना," भाऊ शेजारी बसत म्हणाला.

"आणि ही पण उठली नाही तर?"

"अगं, फासा फक्त पडायचं सांगतो. उठायचं तुला लिहायचंय."