शून्य गुणांचा पेपर

बाबांना जाऊन महिना झाला होता. त्यांच्या कार्यालयात राहिलेले कागद पुरे करायला थोरली मुलगी गेली, तेव्हा रेकॉर्ड सांभाळणाऱ्या काकांनी जाडजूड फाइल तिच्यापुढे सरकवली.

"टेलिफोनवाल्या साहेबांची मुलगी ना तू? माझ्या खोकल्यावरून सांगायचे, आज कितवी सिगारेट झाली ते!"

ती कसंनुसं हसली. दोन्ही डोळ्यांनी अंध असलेल्या बाबांनी एकतीस वर्षं इथला टेलिफोन बोर्ड सांभाळला. अधिकारी होण्याची परीक्षा त्यांनी एकदाच दिली, पंचवीस वर्षांपूर्वी. मिळालं शून्य. पुन्हा ते त्या वाटेला गेले नाहीत. घरात भांड्याला भांडं लागलं की आई म्हणायची, "तीन तास हातावर हात धरून बसून आलात!" बाबा म्हणायचे, "अगं, लिहिलं होतं मी." पुढे पुढे तेवढंही म्हणेनासे झाले. थोरलीनंही मनातून आईचीच बाजू घेतली होती. लिहिलं असतं, तर शून्य कसं पडेल?

फाइलच्या पोटात तो पेपर निघाला. अकरा कोरी पानं. वर लाल शाईत शेरा : 'उमेदवाराने काहीही लिहिलेले नाही.'

पान उलटताना बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. तिनं ते खिडकीकडे तिरपं धरलं. अक्षरं होती. बिनशाईची, कागदात रुतलेली, ओळीमागून ओळ. पहिल्या प्रश्नाचं उत्तर, दुसऱ्याचं, नियमांच्या क्रमांकांसकट.

"काका, हे काय आहे?"

काकांनी पान डोळ्यांशी नेलं.

"टाइप केलंय. शाईची फीत न लागता." त्यांनी पान टेबलावर ठेवलं. "त्यांना पेपर लिहायला टाइपरायटर ऑफिसचाच दिला होता. आदल्या दिवशी मी त्याच्यावर सायक्लोस्टाइलसाठी स्टेन्सिल कापलं. तेव्हा फीत बंद करावी लागते. ती पुन्हा चालू करायची राहूनच गेली..."

"हॉलमध्ये कुणीच नव्हतं?"

"मीच होतो. दर पानाला विचारायचे, 'नीट उठतंय ना हो?' मी हात फिरवायचो, खडबडीत लागायचं. मला वाटलं, अंधांचं ब्रेल म्हणतात ते हेच. ते असं कोरंच दिसत असेल. म्हणायचो, 'झकास उठतंय, साहेब.'"

थोरलीनं पानं एकेक करून उलटली.

"प्रत्येक पानाला?"

"प्रत्येक."

पंख्याखाली फाइलीतले कागद फडफडत राहिले. मग तिनं एक कागद काकांपुढे ठेवला. "हे सगळं लिहून द्या. सहीनिशी."

"आता काय उपयोग, बाळ? ते तर गेले."

"आई आहे. अजून रागावलेली आहे त्यांच्यावर."

काकांनी पेनाचं टोपण काढलं. दोन ओळी लिहून ते थांबले.

"त्यांनी अकरा वेळा विचारलं, हे लिहू?"

"लिहा."