घरात राहणारी माणसे : दोन

"मावशी, कुलूप फोडलेलंच नाही हे."

विमा कंपनीकडून धुळ्याहून आलेला सर्व्हेअर विक्रम दारापाशी उकिडवा बसला होता. त्याने कुलूप उजेडात धरून उलटसुलट पाहिले. एकही ओरखडा नव्हता.

"फोडेल शे असं मी कव्हय सांगं?" कुंदाबाई म्हणाल्या.

शिंदखेड्यातल्या या भाड्याच्या दोन खोल्यांत कुंदाबाई एकट्या राहत. अंगणवाडीत मदतनीस होत्या. एकोणीस वर्षे मुलांना खिचडी वाढत आल्या होत्या. शेजारचे लोटन गुरुजी, निवृत्त शिक्षक, यांनीच गेल्या वर्षी त्यांना सामानाचा विमा काढायला लावले होते. गुरुजी अजून वर्गात असल्यासारखेच समजावत. "अक्का, घर बदलायचं झालं तर टेम्पोत काय काय भराल? भांडी, कपाट, गोधड्या. ते तुमचं सामान. भिंती आणि पत्रे मागे राहतील, ते घरमालकाचे. आपण फक्त टेम्पोतल्याचा विमा काढायचा." मग त्यांनी सोन्याच्या पोतीची पावती शोधायला लावली, कारण दागिना वेगळा नोंदवावा लागतो. ती दोन तोळ्यांची पोत कुंदाबाईंनी होणाऱ्या सुनेसाठी केली होती. आयुष्यभराची शिल्लक तेवढीच.

अर्जात 'घरात राहणारी माणसे' असा एक रकाना होता. कुंदाबाईंनी त्याचे उत्तर कानबाईच्या रीतीने दिले. श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट करताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. कुंदाबाई दरवर्षी आपल्या मुलाच्या, हितेंद्रच्या नावाने घेत. "मी आनि हितेंद्र," त्या म्हणाल्या. गुरुजींचा पेन थांबला. नऊ वर्षांपूर्वी हितेंद्रची मोटारसायकल तापीच्या पुलावर उभी सापडली होती. हितेंद्र सापडला नाही, त्याच्या किल्ल्यांचा जुडगाही नाही. पण समोर बसलेल्या बाईला हे सांगायचे कसे? गुरुजींनी 'दोन' लिहिले.

"सोमवारी काय झालं ते सांगा," विक्रमने वही उघडली.

सोमवारी कानबाईचे विसर्जन होते. हितेंद्रच्या वाटचा रोट ताटात झाकून, दाराला कुलूप लावून कुंदाबाई सगळ्यांबरोबर नदीवर गेल्या. परतल्या तेव्हा कुलूप तसेच होते. आत कपाटातली पोत नव्हती. हितेंद्रचा स्वेटर, त्याचे पांघरूण, दाढीचा डबा, हेही नव्हते. कपाटातल्या पगाराच्या नोटांना मात्र कोणी हात लावला नव्हता.

"आनि रोट," कुंदाबाई म्हणाल्या. "बठ्ठा खाई टाका. ताट धोईसन पालथं ठेवं."

"सगळा रोट खाऊन ताट धुणारा चोर पहिल्यांदाच ऐकतोय," विक्रम हसला. कुंदाबाई हसल्या नाहीत, त्यांच्या शेजारी बसलेले गुरुजीही नाहीत.

"परका मानूस रोटले हात लावत नही, भाऊ. रोट घरनाच मानूस खास."

विक्रम उठून मोरीपाशी गेला. मोरीच्या तळाला राखाडी, बारीक गाळ बसला होता. त्याने बोटावर घेऊन पाहिला. नदीकाठी येतो तसा वास होता.

"आज गुरुवार. सोमवारपासून मोरी धुतली नाही का?"

"रोज धोस. सकाळले परत तेवढाच ऱ्हास."

विक्रम रुमालाला बोट पुसत परत आला. बसल्यावरही पुसतच राहिला.

"नीट ऐका, मावशी. गुरुजींनी मला सगळं सांगितलंय. कुलूप किल्लीने उघडलंय. आणि घरात राहणाऱ्याच माणसाने वस्तू नेली तर पॉलिसी ती चोरी धरत नाही. भरपाई मिळत नाही. अर्जात तुम्ही दोघं आहात." त्याने आवाज खाली आणला. "हितेंद्र इथे राहत नाही, नऊ वर्षांत त्याची खबर नाही, एवढं लिहून द्या. हरवलेली किल्ली परक्याच्या हाती लागली, असं मी वर कळवतो. पोतीचे पैसे मिळू शकतील."

"चूक माझी आहे, अक्का," गुरुजी म्हणाले. "मीच दोन लिहिलं. एका ओळीत दुरुस्त होईल."

"मी नही लिखं तर तुम्ही काय लिखशात, भाऊ?"

"घरातल्या व्यक्तीने वस्तू नेल्या, असं. म्हणजे दावा नामंजूर."

"कागदवर? शिक्का मारीसन?"

"शिक्का कंपनीचा बसेल. हो."

कुंदाबाईंनी पदर सारखा केला. "मंग तेच लिखा."

"अक्का, पोत गेली ती गेलीच मग," गुरुजी कळवळून म्हणाले.

"जेनी व्हती तो लई गया." त्या गुरुजींकडे वळल्या. "नऊ वरीस झायात. पोलीस सांगतस तो नही शे. भाऊबंद सांगतस. तुम्ही बी मनमा तेच म्हनतस, तोंडवर म्हनत नही एवढंच. आज पहिल्यांदा कोनी लिखी देस का तो आठे, या घरमा ऱ्हास."

गुरुजींनी विक्रमकडे पाहून मान हलवली.

विक्रमने लिहिले. लिहून झाल्यावर म्हणाला, "कुलूप तरी बदला. पुन्हा काही गेलं तर कंपनी विचारेल, काळजी का घेतली नाही."

"बदलं तर तो कसा येई?"

कागद त्यांनी गुरुजींकडून दोनदा वाचून घेतला. 'घरातील व्यक्ती' हे शब्द कुठे आहेत ते बोटाने दाखवायला लावले. मग सावकाश, मोठ्या अक्षरांत सही केली.

"खाली घरातल्या दुसऱ्या व्यक्तीच्या सहीची जागा आहे, ती राहू द्या," विक्रम बूट घालत म्हणाला.

"राहू द्या कसं? दुपारले या कागद लेवाले."

त्यांनी कागद खिडकीजवळच्या टेबलावर सरळ ठेवला. वाऱ्याने उडू नये म्हणून वर वाटी ठेवली. शेजारी पेन ठेवला, टोपण काढून.

"चला, भाईर चला. मनी अंगणवाडीनी येळ व्हयनी."

दाराला कुलूप घालून त्यांनी ते दोनदा ओढून पाहिले आणि झपाझप निघाल्या. गुरुजी आणि विक्रम रस्त्यावर उभे राहिले. खिडकी त्यांच्या पाठीमागे होती. दोघांपैकी कोणीही मागे वळून पाहिले नाही.