माझ्या पोटात गेलेली तीन कार्डं

मी एक जुना डेस्कटॉप संगणक आहे आणि माझ्या पोटात तीन ग्राफिक्स कार्डं मेली आहेत. मित्रांनो, एवढं ऐकून तुम्ही पाय जरा मागे घेतला असेल, तर त्यात तुमचं काही चुकलं नाही. या घरातली माणसंही माझ्यासमोर जपूनच बोलतात.

माझा जन्म अमेरिकेतल्या शॉमबर्गमधल्या एका जेवणाच्या टेबलावर झाला. नागपूरहून इथे आलेल्या राजारामने सात वर्षांपूर्वी सुटे भाग मागवून मला जोडलं. त्याची मुलगी हर्षिता तेव्हा दहा वर्षांची होती. तिने बटण दाबलं, माझे दिवे लागले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मला उचलून बेसमेंटमध्ये ठेवण्यात आलं.

हर्षिता मोठी झाली आणि माझ्यावर चित्रं हलवू लागली. यंदा तिने कॉलेजच्या प्रवेशासाठी तीन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करायला घेतली. बर्फात बसची वाट पाहणारी एक पाठमोरी बाई, एवढंच त्यात होतं. तिची हजारो चित्रं रंगवून फिल्म तयार करण्याचं काम ग्राफिक्स कार्डाचं. ते तासन्‌तास चाले, म्हणून हर्षिता ते रविवारी लावायची.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, भर दुपारी, पडद्यावरचं बर्फ हिरवं झालं. मग त्या बाईने मान वळवली.

मित्रांनो, हर्षिताने तसं चित्र काढलं नव्हतं. मीही नाही. गालाची एक कड दिसली आणि पडदा काळा झाला. पहिलं कार्ड गेलं.

दुसरं नोव्हेंबरात गेलं. पुन्हा रविवार, पुन्हा दुपार. कार्ड कोरं करकरीत होतं, तरी बाईने मान जिथे सोडली होती तिथूनच पुढे वळवली. या वेळी एक डोळा दिसला.

मग राजारामचे मित्र संजीवकाका मला तपासायला आले.

"ड्रायव्हर अपडेट केलास का?"

"तीनदा."

"केबल?"

"बदलली. पॉवर सप्लाय बदलला. दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहिलं."

संजीवकाकांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग यार, एकदा नजर काढून बघ. मीठ-मिरच्या ओवाळायला काय जातंय?"

"संजीव, आम्ही बौद्ध आहोत. या घरात भूतबाधा वगैरे चालत नाही."

"ते याला माहीत आहे का?" काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

तिसरं कार्ड डिसेंबरात गेलं. बाई पूर्ण वळली होती. तिचं तोंड कसं होतं ते मी सांगणार नाही. हर्षिता खुर्चीसकट भिंतीपर्यंत मागे गेली, एवढंच सांगतो.

फिल्म पाठवायची मुदत जानेवारीतल्या पहिल्या रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. आदल्या दिवशी राजारामने चौथं कार्ड आणलं. "दुकानात हे एकच उरलं होतं. हे गेलं तर फिल्म विसर."

हर्षिताने मेलेलं तिसरं कार्ड मांडीवर घेतलं आणि त्याचे स्क्रू काढले. आजवर हे कुणालाच सुचलं नव्हतं. गेलेल्याला टाकायचं आणि नवं बसवायचं, एवढंच चाललं होतं. पंख्याच्या पात्यांवर पिवळा चिकट थर होता. तिने बोट लावून हुंगलं.

"बाबा, स्मेल इट. धिस इज युवर मटण."

राजारामने हुंगलं.

दर रविवारी दुपारी, माझ्यापासून चार हातांवर, तो सावजी मटणाचा मसाला परतत असे. इथल्या पुष्कळ देशी घरांत बेसमेंटमध्ये अशी दुसरी शेगडी असते, वास वर जाऊ नये म्हणून. ती तेलकट वाफ माझे पंखे ओढून घ्यायचे. पाती जड होऊन थांबायची आणि कार्ड तापून भाजून निघायचं.

"पण तू खाली का शिजवतोस?"

"तू दुसरीत होतीस. कोटाला वास येतो म्हणून कुणी शेजारी बसत नाही, असं रडत सांगितलं होतंस."

"आय डोन्ट इव्हन रिमेंबर दॅट, बाबा."

"मला आहे ना लक्षात."

रविवारी सकाळी दोघांनी जुने टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन मला आतून घासलं. त्यांनी मला इतका वेळ कधीच दिला नव्हता. मग चौथं कार्ड बसवून, फिल्म लावून हर्षिता खाली बसली आणि राजाराम पातेलं उचलून वरच्या किचनमध्ये गेला. रविवार होता, मटण तर व्हायलाच हवं! त्याने जानेवारीच्या थंडीत सगळ्या खिडक्या उघडल्या, तरी स्मोक अलार्म किंचाळू लागलाच. खाली हर्षिता त्या बाईच्या पाठीवरून नजर काढत नव्हती. बारा वाजले, एक वाजला. बर्फ पांढरंच राहिलं. पावणेपाचला फिल्म पूर्ण झाली आणि तिने पाठवायचं बटण दाबलं.

"बाबा, गेली!"

"काय गेलं? कार्ड?" वरून घाबरलेला आवाज आला.

"फिल्म! फिल्म गेली!"

राजाराम झारा हातात घेऊनच खाली धावला.

बाई पाठमोरीच कॉलेजात पोहोचली. मग तिचं तोंड कुठे राहिलं, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, ते इथेच आहे.

म्हणून तुम्हाला एक विनंती. संगणक शेगडीजवळ ठेवू नका. महिन्यातून एकदा, प्लग काढून, त्याचे पंखे पुसत जा. आणि पुसताना आत, अगदी मागच्या कोपऱ्यात, कुणी तुमच्याकडे मान वळवू लागलं, तर ओरडू नका. झाकण हळूच लावून घ्या. तिला थंडी सोसत नाही.