‘इतर’चा रकाना

मी एक प्रोग्राम आहे. मला तोंड नाही, तरी आज बोलतोय. कारण माझ्याबद्दल जे चांगलं बोललं जातं, त्यातलं निम्मं मलाच पटत नाही.

माझा जन्म जबलपूरला, महाराजपुरातल्या एका जेवणाच्या टेबलावर झाला. लोणच्याच्या बरणीशेजारी एक जुना लॅपटॉप असतो, तेच माझं घर. मला लिहिलं डॉक्टर विष्णू मोघे यांनी. औषधाचे नव्हे, संख्याशास्त्राचे डॉक्टर, निवृत्त प्राध्यापक. एक ओळ लिहायची, वाचायची, खोडायची आणि पुन्हा तीच लिहायची, ही त्यांची रीत. असल्या हातांनी घडलो, म्हणून मीही संशयी निघालो.

इथल्या मराठी मंडळींत एकटे राहणारे म्हातारे बरेच. मुलं पुण्याला नाहीतर बंगळूरला. या सगळ्यांनी आपसांत ठरवलं, की रोज सकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर हजेरी द्यायची: नाव, मोहल्ला, तब्येत. हजेरी आली नाही, तर कुणीतरी जाऊन बघायचं. पण सुप्रभाताच्या फुलांमध्ये आणि देवांच्या फोटोंमध्ये कोण राहिलं तेच कळेना. म्हणून मला आणलं. प्रत्येक मेसेज कापायचा आणि तुकडे आपापल्या रकान्यात ठेवायचे. जो तुकडा कुठेच बसत नाही, तो शेवटच्या रकान्यात. त्या रकान्याचं नाव ‘इतर’. तो कुणीच वाचत नसे.

मोघेकाकांना वाटलं होतं, मंडळी शिकलेली आहेत, स्वल्पविराम देतील. कसले देतात! कांचघरच्या सुमित्राबाईंचा मेसेज असा असे: “सुमित्रा कांचघर से राम राम गुडघा ठणकून राहिला बाकी ठीक दूधवाल्यानं पुन्हा फुटकी पिशवी अडकवली दीपाच्या मांजरीनं पिल्लं दिली कोणाला पाहिजे काय”. हे कुठून कापायचं, सांगा!

सुरुवातीला तर मी एकाच्या ‘ठीक नाही’मधला ‘ठीक’ तब्येतीत ठेवला आणि ‘नाही’ इतरमध्ये टाकलं. तेव्हापासून काकांनी माझ्यात अटींवर अटी घातल्या आणि माझ्यावर विश्वास ठेवणं सोडलं.

पण संशयानंही माणूस तोंडघशी पडतो. एका सकाळी ओमतीच्या भय्यासाहेबांची हजेरी आली नाही. काकांनी गल्लीतल्या पोरांकडून त्यांच्या दाराची कडी तोडवली. भय्यासाहेब तेव्हा नाक्यावर दाढी करून घेत होते. अर्ध्या चेहऱ्यावर फेस घेऊनच त्यांनी फोन केला.

“मोघेसाहेब, जिंदा हूँ भाई! मेलो की तुम्हालाच पहिला मेसेज टाकीन.”

ग्रुप आठवडाभर हसला. शेवटी भय्यासाहेबांनीच जाहीर केलं, की पुन्हा असं झालं तर हे मशीन बंद. मशीन म्हणजे मी.

मागच्या आठवड्यात सुमित्राबाईंचा मेसेज आला: “सुमित्रा, कांचघर, ठीक.”

मला काय आनंद झाला! आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा मेसेज एका झटक्यात कापला गेला. तिन्ही तुकडे तीन रकान्यांत बसले आणि इतर रिकामा राहिला. काका मात्र पडद्याकडे बघत राहिले. मीच काही गिळलं असेल, या शंकेनं त्यांनी दिवसभर मला उलटंपालटं करून तपासलं. माझ्यात काही सापडलं नाही.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच: “सुमित्रा, कांचघर, ठीक.”

“काहून असं टक लावून बघून राहिले?” सत्यवतीकाकूंनी चहा ठेवत विचारलं.

“सुमित्रानं स्वल्पविराम दिला.”

“मग?”

“तिनं? आणि गुडघा नाही, दूधवाला नाही?”

“अच्छा, म्हणजे आता बाई सुधारली तरी तुम्हाला संशय!”

काकांनी सुमित्राबाईंना फोन लावला. नुसतीच रिंग वाजत राहिली. काकू म्हणाल्या, “आंघोळीला गेली असेल.” तेही शक्य होतं. काका फोन हातात घेऊन बसले. समोर हजेरी होती, तब्येतीत ‘ठीक’ होतं. ते लिहिलेलं असताना माणसं धाडली आणि बाई पूजेला बसलेली निघाली, तर उद्यापासून मला कोण चालू ठेवणार? आणि नाही धाडली तर?

त्यांनी दीपाला फोन लावला. दीपा सुमित्राबाईंच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते, बँकेत आहे. ऐकू कमी येतं म्हणून काका फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे पुढचं सगळं मीही ऐकलं.

“काका, मी माहेराहून आत्ताच येऊन राहिले, बँकेला उशीर होतोय. मावशींचा मेसेज तर आलाय ना!”

“आलाय, म्हणूनच म्हणतो. एकदा दार वाजव, बाळा. मला हस हवं तर.”

चपला जिना उतरल्या. दार वाजलं. मग दीपा हळूच म्हणाली, “काका, कडीला दुधाच्या दोन पिशव्या आहेत. एक कालची वाटते.”

काकू चहाचा कप ठेवून फोनजवळ आल्या.

“मागच्या खिडकीतून बघ,” काका म्हणाले. पावलं पळाली. आणि मग दीपाची किंकाळी: “मावशी! हलू नका, मी आले, हलू नका!”

सुमित्राबाई कालच्या सकाळपासून स्वयंपाकघरात पडून होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. फोन बाहेरच्या खोलीत होता आणि घरात कुणी नसल्यासारखा आपला आपण हजेरी देत होता.

ही सोय त्यांच्या भाचीनं, मोनालीनं करून दिली होती. मावशी पडण्याच्या आदल्याच दिवशी, पुण्याला परत जाताना, तिला रोज चष्मा शोधून टाइप करायला लागू नये म्हणून तिनं मेसेज आपोआप जाईल असं बसवलं होतं. संध्याकाळी ती फोनवर रडत राहिली. काका एवढंच म्हणाले, “तू तिच्या डोळ्यांची काळजी केलीस गं. मीही कदाचित हेच केलं असतं.”

त्या धांदलीत ती सोय बंद करायची राहिली. दुसऱ्या सकाळी सुमित्राबाई दवाखान्यात सलाईनवर होत्या आणि ग्रुपवर आलं: “सुमित्रा, कांचघर, ठीक.” मी ते नेहमीसारखं कापून ठीकच्या रकान्यात ठेवलं. दुसरं काही मला येतच नव्हतं.

भय्यासाहेब आता मशीन बंद करा म्हणत नाहीत. उलट सगळ्यांना सांगतात, मोघ्यांच्या मशीननं बाई वाचवली. मी कुठली वाचवली? मी तर खूश होतो. संशय काकांना आला होता.

माझ्यात आता एक नवी अट आहे: मेसेज फार स्वच्छ असला, तर लाल खूण करायची. आणि ‘इतर’ काकांनी शेवटून उचलून पहिल्या जागी आणला. तुम्हाला माझं एकच मागणं आहे. आपल्या माणसांना लिहाल तेव्हा माझी सोय बघू नका. गुडघा, दूध, मांजर, जे सुचेल ते एका दमात लिहा. कापायचं कसं ते माझं मी बघेन.

परवा दवाखान्यातून पहिला मेसेज आला: “सुमित्रा बोलून राहिली हाड बसवलं नर्सदीदी चांगली आहे पण चहा म्हणजे गरम पाणी विष्णूभाऊ दीपाला सांगा पिल्लांना दूध घाल त्या दोन पिशव्या फेकल्या काय”.

मी खूप प्रयत्न केला. नाव तेवढं त्याच्या रकान्यात बसलं, बाकी सगळं इतरमध्ये गेलं. काकांनी चष्मा लावला आणि तिथूनच वाचायला सुरुवात केली.